तळे राखील कोण?

चेन्नई महानगराचा दुसरा विकास आराखडा २०२६ या वर्षापुरता आखलेला होता. त्यानंतरच्या वीस वर्षांसाठी, म्हणजे २०२७ ते २०४६ या कालावधीसाठी, तिसरा आराखडा तयार करण्याचे काम चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे 'सीएमडीए'ने, हाती घेतले. या आराखड्याची चर्चा सुरू झाल्यापासून शाश्वत विकास, हवामान बदलाला तोंड देणारे नगर, मेट्रोभोवतीची दाट वस्ती असे सारे शब्द सरकारी सादरीकरणांतून ओसंडून वाहत आहेत. या शब्दांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. गेल्या अर्धशतकात या महानगराला दोन आराखडे मिळाले. परंतु कोठे घर उभे राहावे, कोठे कारखाना यावा आणि कोठे पाणी मोकळे राहावे, हे त्या आराखड्यांनी ठरवले की त्यांतून दिल्या गेलेल्या सवलतींनी, याचे उत्तर दिल्याशिवाय तिसऱ्या आराखड्याकडे वळणे म्हणजे गळक्या रांजणात आणखी एक घागर ओतणे होय.

हा प्रश्न केवळ तमिळ राजकारणाचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे या नगरीतील मराठी माणसाला म्हणता येणार नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळ भूमीत रुजलेली जुनी मराठी कुटुंबे सोडून दिली, तरी येथील मराठी समाज छोटा नाही. साहुकारपेठेच्या गल्ल्यांतून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारे खानापूर-आटपाडीकडचे लोक आहेत. रेल्वे, बंदर आणि केंद्र सरकारच्या नाना खात्यांतून बदलीवर येणारे अधिकारी आहेत. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांत काम करणारी तरुण पिढी आहे. यांपैकी जो येथे स्थिरावतो तो आज ना उद्या घर शोधू लागतो आणि जुन्या शहरातील भाव न परवडल्याने दक्षिणेकडे वेलाचेरी, शोलिंगनल्लूर, पेरुंबाक्कम किंवा पश्चिमेकडे तांबरम, मुडिचूर येथे जाऊन पोहोचतो. चकचकीत माहितीपुस्तिका त्याच्या हाती पडते. आपण घेत असलेल्या जागेचा सर्व्हे क्रमांक शंभर वर्षांपूर्वी तळ्याच्या पोटात होता की ओढ्याच्या काठावर, हे मात्र त्याला पहिल्या मोठ्या पावसातच कळते.

या शहराला नगररचनेची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. त्यापाठोपाठ १९२० मध्ये मद्रास इलाख्याने आपला कायदा केला. पुढच्याच काही वर्षांत मांबलम येथे आखणी करून वसवलेले त्यागराय नगर, म्हणजे आजचे टी. नगर, हे त्या काळातील नमुनेदार उपनगर मानले गेले. तथापि त्याच्या पोटातच पुढील सगळ्या कथेचे बीज आहे. हे उपनगर ज्या भूमीवर वसले ती लाँग टँक या लांबलचक तलावाची भूमी होती. तलाव रिकामा केला, भर घातली, रस्ते आखले आणि शहर वाढले. नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागेवर वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक १९७६ मध्ये उभे राहिले. चेन्नई-चेंगलपट्टू-कांचीपुरम हा सारा टापू एकातून एक भरत जाणाऱ्या तलावांचा, तमिळ भाषेत 'एरी'चा. पावसाचे बहुतेक पाणी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळणार आणि ते सांडव्यासांडव्याने खालच्या तळ्यात उतरत समुद्राकडे जाणार, अशी शतकानुशतकांची रचना. शहराने या रचनेकडे पाण्याची व्यवस्था म्हणून पाहिले नाही. रिकामा भूखंड म्हणून पाहिले.

विद्यमान चौकट उभी राहिली ती १९७१ च्या तमिळनाडू नगर व ग्राम नियोजन कायद्याने. महानगर विकास प्राधिकरणाला वैधानिक रूप मिळाले १९७४ मध्ये आणि पहिला बृहत् आराखडा आला १९७५ मध्ये. दुसरा आराखडा मंजूर झाला तो सप्टेंबर २००८ मध्ये. या दोहोंमधील अंतर तेहतीस वर्षांचे आहे. मसुदा १९९५ मध्ये तयार होऊनही न्यायालयीन वाद आणि दप्तरदिरंगाई यांत एक तप वाया गेले. या तेहतीस वर्षांत मद्रासचे चेन्नई झाले, मोटारींचे कारखाने आले, टायडेल पार्कसारखी संगणक संकुले आली, लोकसंख्या फुगली. आणि एवढ्या मोठ्या स्थित्यंतराचे नियमन करण्यासाठी शहराच्या हाती होता तो सत्तरीच्या दशकातला नकाशा. जुना नकाशा गरजेला पुरत नाही म्हटल्यावर सवलतींचा रस्ता खुला होणारच. तो झाला, आणि एकदा खुला झालेला रस्ता पुढे राजमार्ग बनला.

या राजमार्गाचे टप्पे नीट पाहण्यासारखे आहेत. १९७१ च्या कायद्यातील कलम ११३ सरकारला कोणत्याही जमिनीला वा इमारतीला कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार देते. या अधिकाराचा सढळ वापर झाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००० मध्ये न्यायालयाने कलम वैध ठरवतानाच, कारणे न देता काढलेले सवलतींचे आदेश रद्द केले. त्याआधी, १९९८ मध्ये, कायद्यात कलम ११३-अ घालून बेकायदा इमारती शुल्क भरून नियमित करून घेण्याची योजना आली. ती 'एकदाच' म्हणून आली होती. परंतु २०००, २००१ आणि २००२ अशी तिची मुदत वाढवण्यात आली. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मूळची योजना एकवेळची बाब म्हणून मान्य केली आणि पुढील मुदतवाढी रद्द ठरवल्या. झाले, प्रकरण संपले असे कोणास वाटले असेल तर २००७ मध्ये अशा बांधकामांना कारवाईपासून तात्पुरते अभय देणारा अध्यादेश निघाला आणि न्यायमूर्ती मोहन यांची समिती नेमली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये टी. नगरमधील रंगनाथन रस्ता आणि उस्मान रस्ता येथील मोठमोठ्या दुकानांना प्राधिकरणाने टाळी ठोकली तेव्हा साऱ्या शहराचे डोळे विस्फारले; पण पोंगलच्या खरेदीसाठी, २०१२ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाकडून तात्पुरती सवलत मिळून ती उघडली. त्याच वर्षी कायद्यात कलम ११३-क आले आणि १ जुलै २००७ पूर्वीच्या इमारतींसाठी नियमितीकरणाची नवी खिडकी उघडली.

इमारतींचे जे झाले तेच भूखंडांचे. शेतजमिनीचे तुकडे पाडून, रस्त्यांच्या जागी चुन्याच्या रेघा ओढून विकलेले ले-आउट ही तमिळनाडूची राज्यव्यापी समस्या आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा मंजुरी नसलेल्या भूखंडांच्या खरेदीखतांची नोंदणीच थांबवली. नोंदणी कार्यालये ओस पडली, महसूल आटला आणि हजारो मध्यमवर्गीयांचे व्यवहार अडकले. सरकारने मे २०१७ मध्ये नियमितीकरणाचे नियम काढून २० ऑक्टोबर २०१६ ही सीमारेषा ठरवली आणि त्याआधीचे भूखंड शुल्क भरून नियमित करण्याची वाट दिली. ज्या गरीब किंवा मध्यमवर्गीय माणसाने आयुष्याची पुंजी ओतून तो तुकडा घेतला होता, त्याला वाऱ्यावर सोडावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जमीन पाडून विकणारा केव्हाच पैसे घेऊन गेला होता. दंड भरला तो खरेदीदाराने. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, या न्यायाने कोणती शिस्त लागणार?

या इतिहासातील राजकीय मर्म असे की, १९९८ ची योजना आली ती द्रमुकच्या राजवटीत, मुदतवाढी झाल्या त्या द्रमुक आणि अण्णाद्रमुक अशा दोघांच्या राजवटींत, २००७ चा अध्यादेश द्रमुकचा, २०१२ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम अण्णाद्रमुकचे. ज्या दोन पक्षांचे विधानसभेच्या इमारतीपासून मोफत योजनांच्या नावापर्यंत कशावरही एकमत होत नाही, त्यांचे या एका विषयावर मात्र कधी मतभेद झाले नाहीत. बांधकाम व्यवसाय, निवडणूक निधी आणि मतांची गणिते यांचे नाते उलगडून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या वाचकाला तर अजिबातच नाही. आपल्याकडे गुंठेवारीचा कायदा आला २००१ मध्ये, २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे सरकली; २०१७ मध्ये प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम ५२-अ घालून २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना कवच देण्यात आले. तेव्हा मद्रासकडे बोट दाखवताना उरलेली बोटे मंत्रालयाकडे वळतात, याचे भान असू द्यावे.

नियमितीकरणाची निदान गाजावाजा होऊन चर्चा तरी होते. त्याहून शांत, आणि म्हणूनच अधिक परिणामकारक, असा मार्ग म्हणजे भूवापर बदल. १९७१ च्या कायद्याच्या कलम ३२ मधील उपकलम ४ खाली मंजूर आराखड्यातही फेरफार करता येतो. शेती विभागातील अमुक सर्व्हे क्रमांक निवासी करावा, निवासी विभागातील तमुक क्रमांक औद्योगिक करावा, असे अर्ज येतात, त्यांची छाननी होते, अधिसूचना निघते. एकेक अर्ज पाहिला तर प्रत्येकात काही ना काही तथ्य दिसते. शेजारी वस्ती झाली, विहीर आटली, शेती परवडत नाही, रस्ता झाला. पण या सुट्या निर्णयांची बेरीज कोणी करतो काय? एका पाणलोटात गेल्या दहा वर्षांत किती एकर जमीन मुरमाची राहिली नाही आणि सिमेंटची झाली, याचा हिशेब फाईलच्या मलपृष्ठावर नसतो. प्रत्येक अधिकारी आपापल्या फाईलपुरता योग्य निर्णय घेतो आणि सर्व योग्य निर्णय मिळून शहर बुडवतात, ही या व्यवस्थेची खरी शोकांतिका आहे.

पल्लिकरणैची पाणथळ हे त्याचे जिवंत उदाहरण होय. दक्षिण चेन्नईतील डझनावारी तलावांचे जास्तीचे पाणी पोटात घेऊन ते संथपणे कोवळमच्या खाडीकडे सोडणारा हा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश. साठच्या दशकात तो पाच हजार हेक्टरांहून अधिक होता. त्याच्या एका टोकाला पेरुंगुडीचा कचरा साठू लागला, दुसऱ्या टोकाला रस्ता गेला, मध्ये सरकारी संस्था आल्या, भोवती संगणक संकुले आणि गृहप्रकल्प आले. महसुली दप्तरात ही जमीन 'पोरंबोक', म्हणजे कोणाच्याही खासगी मालकीची नसलेली. जी सगळ्यांची ती कोणाचीच नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. तमिळ बोलीत तर हा शब्द निरुपयोगी माणसाला दिलेली शिवी बनला. २००७ मध्ये ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले. जुलै २०२२ मध्ये सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अभिनंदनाचे ठराव झाले. परंतु रामसर नकाशातील सारे क्षेत्र राखीव वनात नाही आणि ती सीमा जमिनीवर नेमक्या कोणत्या सर्व्हे क्रमांकांतून जाते, हे वेळेत निश्चित झाले नाही. परिणामी एका खात्याच्या नकाशात जागतिक महत्त्वाची पाणथळ आणि दुसऱ्या खात्याच्या नकाशात बांधकामयोग्य भूखंड, असा प्रकार उद्भवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण पीठाला रामसर क्षेत्रात आणि त्याभोवतीच्या एक किलोमीटर पट्ट्यात, प्रभावक्षेत्राचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत, नव्या बांधकाम परवानग्या देऊ नयेत असे सांगावे लागले. या आदेशाने रीतसर परवानगीच्या प्रतीक्षेत असलेले सामान्य घरमालकही अडकले आणि त्यांचा संताप रास्तच होता. पण तो संताप लवादावर काढणे चूक. तीन वर्षे सीमा न आखणाऱ्यांनी हा प्रसंग ओढवून घेतला होता.

या निष्काळजीपणाची किंमत शहराने एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत अड्यार नदीने पात्र सोडले, चेंबरमबाक्कम तलावातून मोठा विसर्ग झाला, विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली आणि त्या मोसमात राज्यात शेकडो माणसे दगावली. २०१८ मध्ये विधानसभेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालाने या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. विरोधी पक्षाने केलेला हा आरोप नव्हे. घटनात्मक लेखापरीक्षकाने दिलेला तो अभिप्राय आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात याच शहराचे चारही मुख्य जलाशय कोरडे पडले आणि रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पावसात वेलाचेरी-पल्लिकरणैचा परिसर पुन्हा दिवसेंदिवस पाण्यात राहिला. चार वर्षांपूर्वी जेथे डोईवर हंडे होते तेथे आता होड्या फिरल्या. पूर आणि टंचाई ही दोन संकटे नसून पाण्याची जागा हिरावून घेतल्याचे ते एकच संकट आहे. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीने मुंबईला दिलेला धडा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या साऱ्यात गरिबांच्या वाट्याला जे आले ते विशेष क्लेशकारक आहे. कूवम आणि अड्यार यांच्या काठावरील झोपड्या पुराच्या मार्गात आहेत, म्हणून त्या हटवल्या गेल्या. नदीचे पात्र मोकळे व्हावे, हा हेतू वावगा नाही. परंतु तेथील कुटुंबांना नेले कोठे? तर कण्णगी नगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम येथे. शहराच्या हृदयापासून कोसो दूर आणि पाणथळीच्याच सखल पट्ट्यात. पुरापासून वाचवण्यासाठी म्हणून हलवलेली माणसे पुन्हा पुरात, वर रोजगार तुटलेला, मुलांच्या शाळा सुटलेल्या. टी. नगरमधील नियमबाह्य मजल्याला अभय मिळते, आणि नदीकाठच्या झोपडीला मात्र नियमाचे पुस्तक वाचून दाखवले जाते. झोपडपट्टी निर्मूलन मंडळाचे नाव २०२१ मध्ये बदलून नागरी अधिवास विकास मंडळ झाले. नावातून 'निर्मूलन' गेले, हे चांगलेच. ते धोरणातूनही जावे.

गेल्या काही वर्षांत तमिळनाडूने नियोजन व्यवस्थेत ज्या सुधारणा केल्या त्यांची दखल न घेणे अन्यायाचे होईल. २०१९ मध्ये राज्यभरासाठी एकत्रित विकास व इमारत नियमावली आली आणि गावोगावचे परस्परविरोधी नियम संपले. आपल्या महाराष्ट्रात अशी एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. म्हणजे या बाबतीत तमिळनाडू पुढेच राहिला. सर्वसाधारण इमारतींचा चटईक्षेत्र निर्देशांक दीडवरून दोन झाला, उंच इमारतींचा सव्वातीन झाला. एक खिडकी पद्धतीने ऑनलाइन परवानग्या सुरू झाल्या. जुलै २०२४ पासून अडीच हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर साडेतीन हजार चौरस फुटांपर्यंतचे घर बांधणाऱ्याला स्वयंघोषणेवर तत्काळ परवानगी मिळू लागली. ज्याने एका नकाशावर सही मिळवण्यासाठी टेबलाटेबलावर हात ओले केले आहेत, त्याला या सुधारणेचे मोल कळेल. मोठ्या ले-आउटमधील दहा टक्के मोकळी जागा सार्वजनिक वापरासाठी देण्याच्या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केले, हाही शहराचा विजयच.

तरीही एक भेद विसरता येत नाही. परवानगी लवकर मिळणे ही प्रशासनाची सुधारणा आहे, नियोजनाची नव्हे. चुकीच्या जागी बांधण्याची परवानगी सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांत मिळाली, तर चूक फक्त लवकर उभी राहते. स्वयंघोषणेची पद्धत तेव्हाच निर्धोक ठरेल, जेव्हा संगणकातील नकाशात तळी, ओढे, सांडवे आणि पाणथळी सर्व्हे क्रमांकानुसार आधीच कोरलेल्या असतील आणि तेथे अर्ज स्वीकारलाच जाणार नाही. नेमके हेच काम मागे पडले आहे.

किंबहुना कायद्यांचे वारे उलटही वाहते. तलावांचे संरक्षण आणि अतिक्रमण निर्मूलन यांसाठी २००७ मध्ये तमिळनाडूने स्वतंत्र कायदा केला. त्याच विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये विशेष प्रकल्पांसाठी जमीन एकत्रीकरणाचा कायदा मंजूर केला. शंभर हेक्टर वा त्याहून मोठ्या प्रकल्पाच्या जागेत जलस्रोत येत असतील, तर ती सरकारी जमीन प्रकल्पात समाविष्ट करण्याची वाट हा कायदा देतो. बदल्यात पाण्याची साठवणक्षमता कमी होऊ नये, अशी अट आहे. अट वाचायला बरी वाटते. पण तळे म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे की येथून उचलून तेथे ठेवावी. त्याच्या वरच्या अंगाला पाणलोट असतो, खालच्या अंगाला शेते असतात, मध्ये पिढ्यान्पिढ्यांची गावकी असते. परंदूर येथील नियोजित विमानतळ २०२२ मध्ये जाहीर झाल्यापासून एकनापुरमचे ग्रामस्थ हेच सांगत आले. चेन्नईला दुसरा विमानतळ हवा की नको, हा निराळा वाद. तळ्यांच्या टापूत तो करायचा तर पाण्याचा हिशेब आधी मांडा, ही मागणी मात्र विकासविरोधी ठरत नाही.

तिसऱ्या आराखड्यापुढचे आव्हान यामुळेच अधिक बिकट आहे. दुसऱ्या आराखड्याच्या वेळी महानगराचे क्षेत्र १,१८९ चौरस किलोमीटर होते. २०१८ मध्ये ते थेट ८,८७८ पर्यंत नेण्याचा घाट घातला गेला. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये ५,९०४ चौरस किलोमीटरवर तडजोड झाली. म्हणजे क्षेत्र पाचपट. या वाढीव टापूत कांचीपुरम, चेंगलपट्टू, तिरुवळ्ळूर आणि राणीपेट्टै जिल्ह्यांतील असंख्य तलाव येतात. त्यातच मामल्लपुरम, मिंजूर, तिरुमळिसै आदी सहा ठिकाणी नवनगरांच्या योजना आहेत. ज्या प्राधिकरणाला लहान महानगरातील एका पाणथळीची सीमा वेळेत आखता आली नाही, त्याच्या ओटीत आता संपूर्ण 'एरी' प्रदेश आला आहे.

आणि हे प्राधिकरण कोणाला उत्तरदायी आहे? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींतून निवडून आलेले असावेत, असे सांगितले. चेन्नईत मात्र आराखडा आखणे मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाच्याच हाती राहिले. हेच प्राधिकरण आराखडा करते, तेच मोठ्या बांधकामांना परवानगी देते आणि कोयंबेडूच्या बाजारपेठेपासून डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या किलांबाक्कमच्या बसस्थानकापर्यंत प्रकल्पही तेच बांधते. नियम करणारा, परवाना देणारा आणि बांधणारा एकच असला की चुकीची नोंद कोण करणार? महापालिकेत २०१६ ते २०२२ या काळात तर निवडून आलेले सभागृहच नव्हते. मुंबई महापालिकाही मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती होती. नगरसेवक काही संतमहंत नसतात. परंतु वॉर्डातला नाला कोठून वाहत होता, हे ठाऊक असलेला आणि पाच वर्षांनी दारात येणारा माणूस नियोजनाच्या टेबलावर असावा लागतो.

तेव्हा तिसऱ्या आराखड्याचे मूल्यमापन त्यातील रंगीत चित्रांवरून न करता चार कसोट्यांवर करावे. पहिली, भूवापराचा नकाशा काढण्यापूर्वी पाण्याचा नकाशा, सर्व्हे क्रमांकांसह, तमिळ भाषेत आणि गावागावांत प्रसिद्ध होतो काय. आणि त्यातील क्षेत्राला कलम ३२ खालील फेरफार लागू होणार नाही, अशी कायद्यातच तजवीज होते काय. दुसरी, अन्यत्र होणारा प्रत्येक भूवापर बदल कारणांसह जाहीर होऊन त्याचा पाणलोटनिहाय एकत्रित हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जातो काय. तिसरी, नियमितीकरणाचे दार कायमचे बंद होते काय. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात केवळ काळ लोटला म्हणून बेकायदा बांधकाम वैध ठरत नाही, हे बजावलेच आहे. राहणाऱ्याला संरक्षण आणि विकणाऱ्याला व डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, अशी विभागणी केल्याशिवाय 'एकदाच' या शब्दाला अर्थ येणार नाही. आणि चौथी, पुनर्वसनाची घरे पुराच्या पट्ट्याबाहेर, रोजगाराच्या आटोक्यात बांधली जातात काय.

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो. शहर वाढते आहे, लोक येतच राहणार, जमीन अडवून ठेवली तर घरांचे भाव भडकतील आणि शेवटी बेकायदा बांधकामच वाढेल. आक्षेप पोकळ नाही. तेहतीस वर्षे जुन्या आराखड्याला चिकटून राहिल्याने नेमके तेच घडले. पण त्याचे उत्तर पाण्याच्या जागेत पसरण्यात नाही. मेट्रोचा पहिला टप्पा २०१५ पासून धावू लागला, सुमारे ११९ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. या मार्गांच्या कडेने, उंच आणि कोरड्या जमिनीवर दाट वस्ती होऊ देणे आणि तेथील वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात परवडणारी घरे मिळवणे, हा मार्ग उपलब्ध आहे. घर बांधायला जागा पुरेशी आहे. कमतरता आहे ती नाही म्हणण्याची.

नाही म्हणण्याची जबाबदारी जशी मंत्र्यांची, तशीच फाईलवर टिपणी लिहिणाऱ्यांची आहे. हे पान वाचणाऱ्यांत असे अधिकारी आहेत. नियोजन, महसूल, नोंदणी, रेल्वे, संरक्षण जमिनी अशा ठिकठिकाणी त्यांच्या सहीचे मोल आहे. प्रस्तावाखाली 'हा सर्व्हे क्रमांक जुन्या दप्तरात जलस्रोत आहे' एवढे एक वाक्य नोंदवून ठेवणे नियमबाह्य नाही, आणि पुढे लेखापरीक्षक किंवा न्यायाधीश याच वाक्याच्या आधारे उभे राहतात. घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनीही केवळ पट्टा-चिट्टा, म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या तोडीचा उतारा, पाहून समाधान मानू नये. तलाठ्याच्या पातळीवरील 'ए-रजिस्टर'मधील जमिनीची मूळ वर्गवारी, बोजाचा दाखला, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला हे सारे तमिळ जाणकाराकडून वाचून घ्यावे; आणि जमले तर ती जागा नोव्हेंबरच्या एखाद्या मुसळधार सकाळी स्वतः जाऊन पाहावी. आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा आपण येथे परके आहोत, हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. जेथे आपण कर भरतो आणि जेथे आपले घर पाण्यात जाते, तेथे हरकत घेण्याचा अधिकारही आपला असतो.

तळे राखील तो पाणी चाखील, अशी आपल्याकडची म्हण. ती राखणदाराच्या वाट्याला थोडा लाभ यावा, इतक्या उदारपणे लिहिलेली आहे. चेन्नईत राखणदारांनी पाणी चाखले एवढेच असते तर एक वेळ सोसले असते. तेथे तळेच विकले गेले, आणि ज्यांनी ते कधी राखले नव्हते आणि विकलेही नव्हते, त्यांच्या घरात ते पाणी शिरले. तिसरा आराखडा करणाऱ्यांनी २०४६ चे चित्र रंगवण्याआधी उरलेली तळी कोणाच्या नावावर, कोणाच्या राखणीत आणि कोणत्या कायद्याच्या कुलपात ठेवणार, एवढे सांगावे. बाकीचा आराखडा त्यानंतर वाचता येईल.